कमलीबाईचा बेस्तरवार

"कातर खाले ठेव, बाई. केसले हात लावानं नही."

कमलीबाई नुसती बोलून थांबली नाही. तिने माझ्या हातातली कातर ओढून घेतली आणि मांडीखाली दाबून बसली. मी खाटेशी उकिडवी, कंबरेचा काटा ढिला झालेला. सकाळपासून दवाखान्यात दोन बाळंतपणं, एक विंचू चावलेला म्हातारा आणि फोडांची रांग उरकून आले होते. माझं डोकंच फिरलं.

"अगं, उवा झाल्यात त्यांच्या डोक्यात. मानेवर फोड आलेत. एवढाले केस, त्यात घाम, त्यात ताप. कापले तर निदान मान तरी नीट धुता येईल मला."

"उवा मी काढसू. फोड मी धुसू. त्या जित्ता शेतस तोवर केसले कातर नही."

'त्या' म्हणजे खाटेवरचा मिस्तरी, तिचा नवरा. लकवा होऊन पाचवा आठवडा चालू होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. डोळे मात्र जागे होते. आमचं भांडण चाललेलं तो ऐकत होता, आणि कातर मांडीखाली गेल्यावर त्याने डोळे मिटले. मी काय ते समजले. ओली फडकी घेतली आणि केस एका हाताने वर धरून दुसऱ्याने मान पुसत बसले. कमलीबाईने लाकडी फणी आणली.

मी सुसाना. नवापूरकडच्या डोंगरातली, मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली. शहाद्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून अठरा वर्षं झाली. अहिराणी मला सगळी समजते, बोलायला गेले तर बायका हसतात, म्हणून मी आपली शाळेतली मराठी बोलते. लग्न झालं नाही, ते बरंच झालं. दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या पाठी धुण्यातच जन्म चाललाय.

मिस्तरीच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या. रोज दुपारी मी दवाखान्यातून चालत यायची, जखमा धुवायची, पावडर टाकायची. डॉक्टरसाहेब म्हणाले होते, आता करण्यासारखं एवढंच आहे. मी ते कमलीबाईला सांगितलं नव्हतं. सांगायचा कंटाळा आला होता म्हणा, की धीर झाला नव्हता म्हणा.

मिस्तरी मूळचा पंजाबातला शीख लोहार. नंदुरबारवरून रेल्वे टाकली तेव्हा पुलांच्या कामाला विशीत आला. काम संपलं, बाकीचे परत गेले, हा राहिला. मग उसाच्या गावांतून फिरून चरक दुरुस्त करायला लागला. चरकाच्या लोखंडी लाटा झिजल्या, दाते तुटले की लोक म्हणायचे, सरदार मिस्तरीला बोलवा. असाच एका हंगामात म्हसावदला गेला आणि मगन लोहाराच्या भट्टीवर काम करता करता तापाने पडला. मगनच्या घरात विधवा झालेली लेक होती, कमली. तिने दीड महिना त्याला पेज पाजली. मिस्तरी उठून बसला तेव्हा मगनने दोघांचा पाट लावून दिला. हे तीस वर्षांपूर्वीचं. मूलबाळ झालं नाही. शहाद्यात भट्टी घातली, तो घण मारी आणि ती भाता ओढी.

भट्टी पेटली की मिस्तरीच्या तोंडात एकच शब्द असायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक. कमलीबाई दोरी सैल सोडी, भाता वारा पिऊन फुगे, तेव्हा मिस्तरी म्हणे, "वाहे." ती दोरी खाली ओढी, वारा निखाऱ्यांत घुसे, तेव्हा तो म्हणे, "गुरू." चाकाला धाव बसवताना, फाळ पाजवताना, दिवसभर तेच. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं त्याला इथली बोली धड येत नव्हती. कमलीबाई मला हसत सांगायची, "पयले तं त्या निस्तं तेच बोलेत. माले वाटे, याले दुसरं काही येतच नही का काय, माय वं!"

अर्थ काय, हे तिने कधी विचारलं नाही. तिच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकलाही नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. दिवसभर भाता ओढणाऱ्या बाईला बोलायला दम कुठून येणार?

वाचा गेल्यापासून मात्र मिस्तरी काहीतरी मागत होता. डावा हात अर्धवट उचलायचा, ओठ जुळवायचा, छातीत श्वास भरायचा आणि तिथेच अडकायचा. घरघर व्हायची. डोळ्यांत पाणी यायचं. कमलीबाईने पाणी दिलं, ताक दिलं. त्याचं लोखंडी कडं हातातून निसटलं होतं ते पुन्हा चढवलं. घण आणून दाखवला, चिमटा दाखवला. मिस्तरी मान हलवी आणि कोपऱ्यातल्या थंड भट्टीकडे बघे.

"काय हवंय गं त्यांना?" मी विचारायची.

"माले काय माहीत?" असं म्हणून ती उठून अंगण झाडायला लागायची. झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायची.

त्या आठवड्यात तळोद्याच्या जंगलातली लाकडं घेऊन नंदुरबार स्टेशनकडे निघालेला एक ट्रक आमच्या रस्त्यावर अडला. चाकावरची लोखंडी पाट्यांची कमान तुटली होती. कुणीतरी ड्रायव्हरला सांगितलं, तुमच्यातलाच एक लोहार आहे इथे. तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी मिस्तरीला कुशीवर वळवून पाठ धूत होते. उंच, पगडीवाला, तिशीचा गडी. त्याने मिस्तरीची दाढी पाहिली, कडं पाहिलं, फणी केलेले केस पाहिले आणि चपला बाहेर काढून आत आला. कमानीचं नावच काढलं नाही.

तो खाटेशी खाली बसला, मिस्तरीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "वाहेगुरू."

मिस्तरीचं अर्धं तोंड वाकडं होतं. उरलेल्या अर्ध्याने तो हसला. मग रडायला लागला, आवाज न करता, उशी भिजेपर्यंत. ड्रायव्हर सावकाश म्हणत राहिला. आणि देवाची शपथ, अठरा वर्षं मी आजाऱ्यांचे श्वास मोजतेय, पाच आठवड्यांची ती घरघर तासाभरात निवत गेली. मिस्तरी झोपला.

कमलीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पदर तोंडावर धरलेला.

बाहेर आल्यावर मी ड्रायव्हरला विचारलं, "याचा अर्थ काय हो, भाऊ?"

तो तोडक्यामोडक्या मराठीत आणि आपल्या हिंदीत सांगायला लागला. "वाह मतलब, तुम लोग क्या बोलते, वा रे वा! कुछ ऐसा देखा के मन भर आया, तो मुंह से निकलता है ना? वही. और गुरू, जो अंधेरे से उजाले में ले जाए. बस, बहनजी. इतना ही नाम है."

"वायगुरू," मी म्हणून पाहिलं.

"वाय नहीं. वाहे. वो 'हे' छाती से आता है, सांस के साथ." त्याने माझ्यासमोर छातीवर हात ठेवून दाखवलं. "सांस अंदर, वाहे. सांस बाहर, गुरू. जल्दी नहीं करना. गाना भी नहीं. जैसे आदमी सांस लेता है, वैसे."

मी चार वेळा म्हटलं, त्याने चार वेळा सुधारलं. मग त्याने आत खाटेकडे बघितलं. "बाबाजी का वक्त पास है. जाते समय कान में यही पड़ना चाहिए, आखरी सांस तक. मैं रुकता, पर गाडी शाम तक पहुंचानी है. घर में कोई तो बोले. माताजी को बोलो ना." त्याने दोराने कमान बांधली, कमलीबाईला वाकून नमस्कार केला आणि गेला.

मी आत येऊन कमलीबाईसमोर बसले. "ऐकलंस ना? त्यांना हेच हवं होतं. तीस वर्षं तुझ्या कानावर पडतंय, तुला मुद्दाम शिकायला नको. म्हण."

"तू म्हन."

"मी दिवसातून एकदा येते, तेही पाय ओढत. रात्रंदिवस त्यांच्याजवळ तू असतेस."

"तू म्हन ना, बाई. तुले येस आते."

मला इतका संताप आला म्हणून सांगू! थकलेल्या माणसाचा राग वाईट. मी बोलून गेले, "तो बिचारा पाच आठवडे डोळ्यांनी भीक मागतोय, आणि तुला एक शब्द जड झाला? कसलं काळीज म्हणायचं हे?"

बोलल्याबरोबर मला माझीच लाज वाटली. कमलीबाई रागावली नाही. ती जमिनीवर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माले नाव लेता येत नही."

"कुणाचं नाव?"

तिने खाटेकडे मान केली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मिस्तरीचं नाव गुरुमुखसिंग. दवाखान्याच्या कागदावर मीच लिहिलं होतं, तिच्या शेजारणीने सांगितलं होतं. आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे मला काही नवीन नव्हतं. पण ही बाई नावाचा तुकडासुद्धा जिभेवर येऊ देत नव्हती. मी म्हणायची, गुरुवारी पावडर घेऊन जा. ती म्हणायची, "बेस्तरवारले येसू." शाळेतल्या गुरुजींना ती मास्तर म्हणायची. मला वाटायचं, जुनी माणसं, जुने शब्द. तीस वर्षं ही जीभ चुकवून चालत होती आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"अगं वेडे, ते देवाचं नाव आहे. नवऱ्याचं नव्हे."

"आर्धं तं त्यासनंच शे ना?"

"म्हणून काय झालं? सगळ्या बायका लाजतात. लाजत लाजत घेतातच की वेळ आली तर."

"लाज नही वं बाई. माले भेव वाटस." ती खालच्या आवाजात सांगायला लागली. "पयलानं नाव मी लिधं व्हतं. बारा वरीसनी व्हती मी. सासरले उंबरावर पोरी आडव्या झाल्यात, नाव ले म्हनेत, मंगच घरमा ये. मन्ही मायनी उखाना शिकाडेल व्हता. भेव खाईसन सगळा इसरी गयी. निस्तं नावच निंघी गयं तोंडमाईन. उखानाबिगर. उघडं. समद्या पोरी हासन्यात. आठवे दिन त्याले काखमा गाठ उनी. तिसरे दिन गया."

"प्लेगची गाठ ती. त्या वर्षी गावंच्या गावं ओस पडली होती, कमलीबाई. किती बायकांनी नाव घेतलं होतं?"

"बाकीन्या बायास्नं माले काय माहीत? मी लिधं व्हतं, एवढं माले माहीत शे." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "आते यासनं बी मीच लेऊ? मी नाव लिधं आनि त्या गयात, तं मी कोठे जाऊ?"

मी माझी पिशवी उचलली आणि निघाले. वाटेत दोनदा बसावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून पाठ धुऊन झाली की मीच खाटेशी बसून म्हणायला लागले. वाहे, गुरू. हे चालतं का, म्हणून मी आमच्या पाद्रीसाहेबांना विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं. मिस्तरी ऐकायचा. डाव्या हाताने माझा हात थोपटायचा, जणू मलाच बरं नाहीये. पण घरघर थांबायची नाही. माझा शब्द एकीकडे आणि त्याचा श्वास दुसरीकडे, त्यांचं जमायचं नाही. मी म्हणत असताना तो कमलीबाईकडे बघत राहायचा. आणि ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहायची, खाणारं कुणी नसताना.

आठव्या दिवशी दुपारी मी गेले तर मिस्तरीच्या पायांना गारठा चढला होता. नखं काळवंडली होती. श्वास वर ओढला जायचा आणि मध्येच लटकायचा. मी नाडी धरली, सोडली.

कमलीबाईने विचारलं, "खरं सांग बाई. काय वाटस तुले?"

खरं सांगायला मी इतके दिवस टाळलं होतं. "आज जातील. फार तर उद्या."

"मी नाव लिधं तरी? नही लिधं तरी?"

"घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी."

मिस्तरीने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, आणि मग भट्टीच्या कोपऱ्याकडे. ओठ जुळवले. श्वास अडकला. मी बसायला पुढे झाले, तर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खाट धर. एक बाजू तू, एक मी. तठे लेऊ."

आम्ही दोघींनी खाट ओढत भट्टीपाशी नेली. माणसाचं वजन राहिलं नव्हतं, खाटेचंच होतं. कमलीबाईने हातपाय धुतले, कपाळाला नवं कुंकू लावलं. भट्टी पेटवली नाही. तीस वर्षांच्या आपल्या जागेवर बसली आणि भात्याची दोरी हातात घेतली. पाच-सहा आठवडे न हललेला भाता, कातडं आखडलेलं, पहिल्या ओढीला करकरला.

दोन-तीनदा तिने नुसतीच दोरी ओढली. मिस्तरीची मान त्या आवाजाकडे वळली. मग तिने दोरी सैल सोडली, भाता फुगला, आणि ती म्हणाली, "वाहे."

आवाज घोगरा, कोरडा. 'हे' मात्र अगदी त्या ड्रायव्हरने सांगितलं होतं तसा, छातीतून. मला चार वेळा शिकवावं लागलं होतं. ती तिथेच थांबली. मी म्हटलं, राहिलं. नाही जमणार तिला. आणि तिने डोळे गच्च मिटून दोरी खाली ओढली.

"गुरू."

लगेच डोळे उघडून तिने मिस्तरीकडे बघितलं. चोरी करताना पकडलेल्या माणसासारखं बघितलं. तो होता. जिवंत होता. अर्धं तोंड हसत होतं.

मला रडू आवरेना. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

मग ती थांबली नाही. वाहे, गुरू. वाहे, गुरू. थंड भट्टीतली राख वाऱ्याने उडायची आणि मिस्तरीच्या पांढऱ्या दाढीवर बसायची. थोड्या वेळाने त्याचा श्वास भात्याला लागला. ती दोरी सोडी तेव्हा छाती भरे, ती ओढी तेव्हा रिकामी होई. घरघर गेली. तास झाला, दीड तास झाला. दारात एक शेतकरी कुदळ घेऊन आला होता, तो आमच्याकडे बघून पागोटं काढून उंबऱ्याबाहेर बसून राहिला. कमलीबाईच्या कपाळावरून घाम गळत होता, कुंकू ओघळलं होतं. मी म्हटलं, मी ओढते जरा, तू नुसतं म्हण. तिने मान हलवली.

श्वास मंद झाला तशी तिने दोरी मंद केली. तीस वर्षांचं काम तिचं, लोखंड किती तापलंय ते हाताला कळायचं. उन्हं कलली तेव्हा ती म्हणाली, "गुरू," आणि दोरी खाली आणली. मिस्तरीचा श्वास बाहेर पडला. तिने दोरी सोडली. भाता सावकाश भरला. ती त्याच्या छातीकडे बघत थांबली. तो भाता भरूनच राहिला.

ती उठली आणि पदराने त्याच्या दाढीवरची राख पुसली. म्हणाली, "फनी दे, बाई."

दुसऱ्या दिवशी म्हसावदहून तिचा भाऊ दलपत आला, त्याने अग्नी दिला. केस तसेच होते, नीट बांधलेले.

पाचव्या दिवशी मी तिला घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत गेले. मृत्यूची नोंद करायची होती. कारकून चष्मा पुसत बसला होता. पंखा नव्हता, बाहेर गाड्यांचा गलका. कमलीबाई मोकळ्या कपाळाने माझ्या मागे उभी होती.

"कधी वारले?" कारकुनाने विचारलं.

अशा वेळी बायकांच्या वतीने मीच सांगते, सवयच झालीय. मी तोंड उघडलं, तोवर मागून आवाज आला.

"गुरुवारले. दुपारना."

मी वळून बघितलं. ती सरळ कारकुनाकडे बघत होती.

"मयताचं नाव?"

ती माझ्या पुढे आली. "गुरुमुखसिंग."

बाहेर कुणाचे तरी बैल उधळले होते, ओरडा चालला होता. कारकुनाने कानामागे हात धरला. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

"गुरुमुखसिंग," ती मोठ्याने म्हणाली.

त्याने लिहून घेतलं, शाई टिपली, तिचा अंगठा उठवला आणि जा म्हणाला. मी तिचा हात धरला, पण ती टेबलापासून हलेना. कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

"गुरुमुखसिंग," ती म्हणाली.